गुंडीचं वजन

३ फेब्रुवारी

बेबी,

सुरुवातीला तुला काय म्हणावं यातच पाऊण तास गेला. आठ महिन्यांत आपण एक शब्द बोललेलो नाही. फोन केला तर तू उचलत नाहीस, मेसेज वाचतेस पण उत्तर देत नाहीस. तुझं बरोबरच आहे. तुझी ताई गेली त्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात तू मला विचारलंस, "एका घरात राहता ना भाऊजी, मग कळलं कसं नाही तुम्हाला?" हे पत्र त्याबद्दल नाही. गुंडीबद्दल आहे.

तुझ्या ताईची गिनीपिग. खरं तर तूच पाच वर्षांपूर्वी बुटाच्या खोक्यातून आणून तिच्या गळ्यात मारलेली. मी म्हणालो होतो, "घरात काय उंदीर कमी आहेत?" आणि तुम्ही दोघी बहिणी माझ्याकडे बघून फिदीफिदी हसला होतात. आता तिचं सगळं मीच करतो. दिवसभर घरात एकटी नको म्हणून बाइंडिंगच्या दुकानात घेऊन जातो. कटिंग मशीनशेजारी पिंजरा ठेवलाय, खाली कागदाची पांढरी कातरण.

आठवडाभर तिचं काहीतरी बिनसलंय. काकडीची फोड तोंडात घेते, चावल्यासारखं करते आणि तशीच खाली टाकते. हनुवटी सारखी ओली. पूर्वी फ्रीज उघडल्याचा आवाज आला की शिट्टी मारायची, आता नुसती बघत राहते. उचलली तर बोटांना बरगड्या लागतात.

इथे विचारायचं कुणाला? माझ्या ओळखीत गिनीपिग पाळणारी तू एकटीच, आणि वर नर्स. दोन ओळी लिही. शिव्या घालायच्या असतील तर त्याही घाल, पण आधी औषध सांग.

भाऊजी

(अजून तसं म्हणवून घ्यायचा हक्क असेल तर)


५ फेब्रुवारी

भाऊजी,

कुरिअरने पाठवतेय. फोनवर मला बोलता येणार नाही. का, ते विचारू नका.

माझ्या पत्राची वाट बघत बसला असाल तर फार चुकलंत. एवढासा जीव, दोन दिवस पोटात अन्न गेलं नाही तर संपतो. हा कागद हातात पडेल तेव्हा हातातलं काम तसंच टाका आणि तिला प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर असला तरी चालेल, पण त्याला सांगा की मागचे दात बघा, पुढचे नाही. पुढचे कुणालाही दिसतात.

तिला वाळकं गवत देत होतात का? खरं सांगा. गिनीपिगचे दात आयुष्यभर वाढतात, आणि ते झिजतात फक्त गवत चावून. काकडीने आणि दाण्यांनी नाही.

आणि वजन करा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर, रोज, एकाच वेळेला. आकडा मला कळवा.

बेबी


९ फेब्रुवारी

बेबी,

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मी एका प्रबंधाच्या पुठ्ठ्याला खळ लावत होतो. ब्रश तसाच टाकला, तो आता दगड झालाय.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण हात शांत. तिथे एक वासराएवढा कुत्रा बसला होता. गुंडीची टोपली बघून तोच मालकिणीच्या मागे लपला. एरवी मी हसलो असतो.

बाईंनी तोंडात बॅटरी मारून मला बघायला बोलावलं. मागचे दात दोन्ही बाजूंनी वाढून जिभेवर पूल बांधल्यासारखे एकमेकांना भिडले होते. जीभ खाली अडकलेली. बाई म्हणाल्या, "हिला भूक आहे हो. खाता येत नाहीये." मग त्यांनीही तेच विचारलं, गवत देता का?

नाही देत, बेबी. ताई गेली त्याच आठवड्यात गवत संपलं. ती कुठून आणायची ते मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही कुणाला. दाण्यांच्या पाकिटावर "संपूर्ण आहार" असं छापलेलं होतं, मी छापलेल्यावर विश्वास ठेवला. आठ महिने.

तिला बेशुद्ध करून दात कापले. वजन सहाशे चाळीस ग्रॅम. ताईची वही सापडली. दर रविवारी ती गुंडीला काट्यावर ठेवून आकडा लिहायची. शेवटचा आकडा नऊशे दहा.

ती वही बघितल्यापासून एकच गोष्ट डोक्यात बसलीय. गुंडीचं वजन दर रविवारी ग्रॅममध्ये मोजणाऱ्या बाईचं स्वतःचं वजन तीन महिन्यांत अकरा किलोने उतरलं. ते मला दिसलं नाही असं नाही. दिसलं. मी म्हणालो, "बारीक झालीस, छान दिसतेस." पोट दुखतंय म्हणाली तेव्हा म्हणालो, "गॅसेस असतील, जरा चालून ये." आणि ती गेली गं चालायला. मुकाट्याने चपला घालून गेली.

आता गुंडीला सिरिंजने भरवायचंय. ती तोंड फिरवते, अर्धं माझ्या शर्टावर. नीट कसं करायचं ते लिही.

भाऊजी


१२ फेब्रुवारी

भाऊजी,

तिला टॉवेलमध्ये गुंडाळा, फक्त डोकं बाहेर. मांडीवर घ्या, पाठ तुमच्या पोटाला टेकलेली. उताणी कधीच धरू नका, घशात जाईल. दाणे कोमट पाण्यात भिजवून पेजेसारखे मऊ करा. सिरिंजची सुई काढलेली, टोक गालाच्या कडेने आत. एका वेळी अगदी थोडं. ती चावेल, गिळेल, मग पुढचं. घाई केलीत तर ती जिंकेल. सकाळी सहापासून झोपेपर्यंत दर तीन तासांनी. क जीवनसत्त्वाचे थेंब वेगळे द्या, ते या प्राण्यांच्या अंगात तयार होत नाही. लेंड्या मोजा. हसू नका, पोट चालू आहे हे फक्त त्यावरूनच कळतं.

गवत मी पाठवलंय, मोठं पोतं आहे.

"छान दिसतेस" असं ताईला म्हणणारे तुम्ही एकटेच नव्हतात. ते एवढं मनाला लावून घेऊ नका.

खालच्या तीन ओळी मीच खोडल्यात. वाचायचा प्रयत्न करू नका.

बेबी


२७ फेब्रुवारी

बेबी,

सातशे ऐंशी! आज सकाळी. काटा बिघडला की काय म्हणून अर्धा किलोचं वजन ठेवून तपासला.

काल दुकानात एक मुलगी प्रबंध न्यायला आली. चार वर्षांचा अभ्यास, काळं कापड, सोनेरी अक्षरं. मी गुंडीला भरवत होतो, म्हणून तिला म्हटलं जरा बस. तिने जादा प्रत पिंजऱ्याशेजारी ठेवली आणि गुंडीने दोन गजांमधून तोंड काढून संदर्भसूचीचा कोपरा कुरतडला. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. ती मुलगी म्हणते, "राहू द्या काका, माझ्या मार्गदर्शकांपेक्षा हिनेच जास्त वाचलाय." पण मला पोरीच्या प्रबंधाचं कौतुक नव्हतं, बेबी. गुंडी स्वतःहून काहीतरी चावत होती! संध्याकाळी गवताची काडी धरली आणि टोकापर्यंत सुतासारखी आत ओढली. मी तिथेच स्टुलावर बसून रडलो. बावन्न वर्षांचा बाप्या, उंदरासाठी.

तू नको म्हणालीस तरी त्या खोडलेल्या ओळी मी उजेडात धरून पाहिल्या. एकच शब्द लागला, "तपासणी". तुला काय म्हणायचं होतं ते समजलं. तपासणी वेळेत व्हायला हवी होती आणि मी करून घ्यायला हवी होती. खोडायची गरज नव्हती.

मला एकाच गोष्टीचं राहून राहून वाईट वाटतं. तिने मला नाही सांगितलं, ठीक आहे, मी कामात बुडालेला नवरा. पण निदान तुला तरी सांगायचं. तू एका वाक्यात ओळखलं असतंस. गुंडीला न बघता, नुसत्या पत्रावरून ओळखलंस, मग ती तर तुझी सख्खी बहीण. आज ती असती.

तुझे उपकार आहेत माझ्यावर.

भाऊजी


६ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र पाच दिवस पर्समध्ये घेऊन फिरतेय. ड्युटीवर दोनदा औषधाची मात्रा चुकता चुकता वाचले. आता लिहिलं नाही तर एखादा पेशंट मरेल माझ्या हातून.

तिने मला सांगितलं होतं.

गेल्या वर्षी, याच आठवड्यात, दुपारी वॉर्डमध्ये असताना तिचा फोन आला. पाळी जाऊन सहा वर्षं झाल्यावर पुन्हा डाग दिसला होता. दोनदा. वजनही उतरतंय म्हणाली. भाऊजी, हे ऐकून काय करायचं असतं ते मी शिकाऊ मुलींना पहिल्या वर्षी शिकवते. थांबायचं नसतं. त्याच दिवशी न्यायचं असतं.

आमच्या हॉस्पिटलची तपासणी होती. वरून माणसं येणार होती आणि मी वॉर्डची मुख्य. तो शब्द तुम्ही वाचलात, पण ती तपासणी ताईची नव्हती. चादरींची होती, रजिस्टरांची होती, सलाइनच्या स्टँडना गंज आहे का त्याची होती. मी तिला म्हटलं, "होतं गं कधीकधी. एवढी तपासणी उरकू दे, मग मीच तुला आमच्या मोठ्या डॉक्टरबाईंना दाखवते." आणि म्हटलं, "भाऊजींना सांगू नकोस, उगाच घाबरतील." तिने नाही सांगितलं. माझंच ऐकलं. तुमच्यापासून तिने लपवलं नाही, मी लपवायला लावलं.

तपासणी झाली, आम्हाला शाबासकी मिळाली. मी विसरले. अडीच महिने माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. तिनेही आठवण केली नाही, मला त्रास नको म्हणून. मग तुमचा फोन आला, ती चक्कर येऊन पडली म्हणून.

जिन्यात तुम्हाला मी ते विचारलं, कारण मी विचारलं नसतं तर कुणीतरी मला विचारलं असतं. ते बोलताना मला कळत होतं मी काय करतेय. तुमचा चेहरा पडला तो मी पाहिला आणि मला हायसं वाटलं. तेच खरं आहे.

फोन याचसाठी उचलत नव्हते. तुम्ही मला "बेबी" म्हणाल आणि मी बोलून जाईन, ही भीती होती.

बेबी


१० मार्च

पत्र मिळालं.

नऊ महिने मी त्या जिन्यात उभा आहे. रोज. जेवताना, दोरा ओवताना, अंघोळ करताना. तुला माहीत होतं, आणि तू मला तिथे उभा ठेवलंस.

आता लिहू नकोस.


१ एप्रिल

भाऊजी,

नको म्हणालात तरी लिहितेय. माझ्याबद्दल नाही. गुंडीचं वजन तेवढं कळवा. नुसता आकडा लिहिलात तरी चालेल. नाव घालू नका, सही करू नका.

बेबी


५ एप्रिल

८४०


१९ एप्रिल

बेबी,

गुंडी गेली. मंगळवारी दुपारी.

रविवारी आठशे पंचेचाळीस होती, वहीत लिहिलंय. सोमवारी सकाळी दुकानात कातरण बदलताना पांढऱ्या कागदावर एक गुलाबी ठिपका दिसला. टिकलीपेक्षा लहान. दुसरं कुणी असतं तर गाजराचा रस म्हणून सोडून दिलं असतं. मी हाताची खळसुद्धा धुतली नाही, शटर अर्धं ओढलं आणि वीस मिनिटांत डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर तिला ठेवली. मूत्राशयात खडा होता, वाटाण्याएवढा. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. नीट झालं. शुद्धीवर आली, माझ्याकडे बघितलं. पण अंग गरम होईना. मी तिला टॉवेलमध्ये घेऊन शर्टाच्या आत पोटाशी धरून बसलो, तू शिकवलं होतंस तशी, पाठ माझ्याकडे. तासाभराने तिचे मागचे पाय सैल पडले.

बाई म्हणाल्या, "तुम्ही अगदी वेळेवर आणलंत. याहून लवकर कुणी आणूच शकलं नसतं."

मी म्हटलं, "मग?"

त्यांनी टॉवेलचं टोक नीट केलं फक्त.

घरी आल्यावर पिंजरा धुतला आणि गच्चीत उन्हाला ठेवला. मग तुझं मार्चचं पत्र पुन्हा काढलं. खरं सांगतो, ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा रागाच्या आधी मला बरं वाटलं होतं. दोषाला वाटेकरी मिळाला म्हणून. त्याची लाज वाटली, आणि ती लाजच तुझ्यावर राग म्हणून काढली. तू जिन्यात केलंस तेच मी पत्रात केलं.

आता वेळेवर नेऊनही एक जीव गेला. म्हणजे आपण दोघं सुटलो, असं मी म्हणणार नाही. ताईचा गर्भाशयाचा कॅन्सर लवकर कळला असता तर निभावलं असतं, असं तिथले डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते. आपण चुकलो. तू तुझ्या चादरींत आणि मी माझ्या पुठ्ठ्यांत. ते आता बदलत नाही.

तुला माफ केलं असं लिहायला तीनदा बसलो. तीनदा कागद फाडला. मी स्वतःलाच केलेलं नाही, तुला कुठून करू? पण एक मागणं आहे.

तिचं माझ्याशी झालेलं सगळं बोलणं मी वर्षभर इतकं घोळवलंय की त्यात आता तिचा आवाजच उरलेला नाही, माझाच ऐकू येतो. त्या दुपारी ती तुझ्याशी बोलली, ते मात्र मी कधीच ऐकलेलं नाही. मला ते हवंय. तुला दोष द्यायला नाही. शब्दाला शब्द, जसं आठवेल तसं लिही. आवाज कसा होता तेही लिही.

भाऊजी


२३ एप्रिल

भाऊजी,

गुंडीला तुम्ही शेवटी पोटाशी धरलंत, हे वाचून मी स्टाफरूमचं दार लावून घेतलं. पाच वर्षं म्हणजे या जातीत चांगलं आयुष्य झालं, एवढंच म्हणते. तुमचं समाधान करायला नाही, खरं आहे म्हणून.

शनिवारी मी येतेय. दोन दिवसांची रजा टाकलीय. ताईचं कपाट तुम्ही अजून उघडलेलं नाही हे शेजारच्या काकूंकडून कळलं होतं. आपण दोघं मिळून उघडू. आणि हो, निघताना फोन करीन, तुम्ही उचला.

तुम्ही मागितलंत ते लिहिते. यातला एकही शब्द मी विसरलेले नाही, विसरायचा पुष्कळ प्रयत्न करूनही.

ती म्हणाली, "बेबे, कामात आहेस?"

मी म्हटलं, "बोल, दोन मिनिटं आहेत."

"मग राहू दे. नंतर करते."

"अगं बोल ना आता."

मग तिने ते सांगितलं. हळू आवाजात, कारण तुम्ही शेजारच्या खोलीत झोपला होतात. म्हणाली, "सीझन सुरू झालाय ना, दहा-दहा तास उभे असतात, आत्ता कुठे डोळा लागलाय." डागाचं सांगितल्यावर लगेच म्हणाली, "मला माहितेय काही नसणार. पण आठ दिवस झोप नाही गं मला. म्हटलं, तुला विचारलं की कळेल."

मी म्हटलं ते तुम्हाला माहीत आहे. होतं कधीकधी, तपासणी उरकू दे.

तिने विचारलं, "नक्की ना?"

मी म्हटलं, "नक्की."

ती म्हणाली, "मग झालं तर. जीव भांड्यात पडला बघ. तू म्हणतेस म्हणजे काही नसणारच."

आवाज कसा होता, विचारलंत. सुटल्यासारखा होता, भाऊजी. लहानपणी परीक्षा संपल्यावर व्हायचा तसा. फोन ठेवता ठेवता ती हसली.

बेबी